ताणलेला स्फटिक आणि आजचा फोन

मंडळी, तीन वर्षं ज्या फोनची वाट पाहत होते तो आज दुपारी आला, आणि मला काहीच वाटलं नाही.

मी मुंबईत भौतिकशास्त्रात संशोधन करते. थराथरांचा एक पातळ स्फटिक आम्ही अगदी किंचित ताणतो. त्या ताणाने आतल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलेल आणि वीज अडवणारा स्फटिक वीज वाहू देईल, असा आमचा अंदाज होता. आज प्रयोगशाळेतली मैत्रीण म्हणाली, "अगं, झालं! तीनदा तपासलं."

मी सध्या पोलादपूरजवळ कापडे गावी, घरी आहे. बाबांना जाऊन आज नऊ दिवस झाले. महाडच्या एमआयडीसीतून ड्यूटी करून आले की ते फोनवर विचारायचे, "तुझा दगड काय म्हणतोय?"

आई तांदूळ निवडत होती. "कुणाचा गो फोन?"

मी सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "ताणून तुटला नाय ना?"

"नाही. सोडला की परत पहिल्यासारखा होतो."

"मग बरा हाय," म्हणाली आणि खडे वेचू लागली. मीही शेजारी बसले. रडू आलं नाही, आनंदही झाला नाही.

तुमच्यापैकी कुणाला अशी बातमी अशाच दिवसांत मिळाली आहे का? मग आनंद किती दिवसांनी झाला?