विहिरीवरच्या म्हातारीची गोष्ट, भर दिवसा

माझ्या चुलतभावाला गोष्टीतलं ओ की ठो कळत नव्हतं. हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते, आणि तो समोर असला तर जरा मोठ्याने म्हणते. तो माझ्याहून मोठा, म्हणून त्याला दादा म्हणायचं. घरात टीव्ही एकच आणि तो काकांच्या खोलीत, म्हणून टीव्ही त्याचा. एका उन्हाळ्यात माझ्या मामाने माझ्यासाठी व्हिडिओ गेमचा डबा आणला. तो टीव्हीला जोडल्याशिवाय चालत नव्हता, म्हणून डबाही त्याचाच झाला. कुणाला यात काही वावगं वाटलं नाही.

आम्ही सेलूला राहत होतो. वडील आणि काका यांचं सरकी-पेंडीचं दुकान एकत्र, घरही एकत्र. नामांतराची शेवटची वर्षं होती. विद्यापीठाच्या नावावरून माणसं एकमेकांना पाण्यात पाहत होती. कधी बंद असायचा, कधी देवगाव फाट्यावर गाड्या अडवलेल्या असायच्या. मोठी माणसं त्यावर दबक्या आवाजात बोलायची आणि आम्ही खोलीत गेलो की गप्प व्हायची. त्या भांडणापुढे आमचं भांडण काहीच नव्हतं. पण ते माझं होतं, आणि मी ते मनापासून भांडले.

मामा चारठाण्याचा. पाण्याचे पंप विकायची फिरतीची नोकरी, आज हैदराबाद तर उद्या नांदेड. दहावीच्या सराव परीक्षेत मला इंग्रजीत चांगले मार्क पडले म्हणून त्याने हैदराबादहून तो डबा आणला. सगळ्यांसमोर म्हणाला, "हे माझ्या भाचीसाठी हाय बरं का." चहा घेतला आणि दुपारच्या गाडीने निघून गेला. त्याची पाठ वळायचा अवकाश, दादाने डबा उचलला.

डब्याबरोबर एक कॅसेट होती. तीत एका राज्याची गोष्ट होती. राज्यातल्या विहिरी आटलेल्या, राजा बेपत्ता आणि एक तलवारवाला गावोगाव फिरतोय. प्रत्येक विहिरीवर एक म्हातारी बसलेली असायची. तिच्यासमोर गेलं की पडद्यावर खाली इंग्रजीत चार ओळी उमटायच्या. दादा आणि गल्लीतली पोरं त्या ओळी दिसल्या की बटण दाबून उडवून लावायची. त्यांना म्हातारीशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांना पुढचा राक्षस पाहिजे होता. "मार, मार, मार की!" एवढीच त्यांची भाषा. पोळ्याला बैल उधळावेत तशी ती पोरं त्या राज्यातून धावत सुटायची.

मला रिमोट मिळत नव्हता. "पोरीबाळींचं काम न्हाई हे," दादा म्हणायचा. मग मी उंबऱ्यात बसून त्या चार ओळी उडायच्या आत वाचायची. डिक्शनरी मांडीवर. आज एक ओळ, उद्या दुसरी. डब्यात काही जपून राहत नव्हतं, लाइट गेली की खेळ पुन्हा पहिल्यापासून. दादा त्यावर शिव्या घालायचा आणि मला आनंद व्हायचा, कारण पहिली म्हातारी पुन्हा वाचायला मिळायची.

हळूहळू मला ते राज्य कळायला लागलं. विहिरी आपोआप आटल्या नव्हत्या. राजाने पाण्याला पहारा बसवला होता आणि तहानलेल्यांना हाकलून दिलं होतं. म्हणून त्याला शाप लागला आणि तोच शेवटच्या वेशीवर पहारेकरी होऊन उभा राहिला, दगडाचा. चारठाण्याच्या देवळात नाक तुटलेले द्वारपाल आहेत, अगदी तसा. हे सगळं एका म्हातारीने सांगितलं नव्हतं. एकीने पाण्याचं सांगितलं, दुसरीने शापाचं, आणि तिसरी म्हणाली होती की वेशीवर येणाऱ्याने तलवार खाली ठेवावी. जोडायचं काम माझं होतं. जोडताना मला असं वाटायचं की ही गोष्ट करणाऱ्याने ती माझ्यासाठीच लपवून ठेवली आहे. बाकी कुणाला ती नकोच होती.

मला तिचा शेवट बघायचा होता. त्या उन्हाळ्यात मला दुसरं काही नको होतं, कैरीही नको होती.

मी उंबऱ्यात बसून गल्लीतल्या पोरींना गोष्ट सांगायला लागले. दादाची धाकटी बहीणही येऊन बसायची. मग एक दिवस आतली पोरं माना वळवून ऐकायला लागली. एकाने विचारलं, "मंग राजा मेला न्हाई का?" मी तिसऱ्या म्हातारीच्या बोलण्यापर्यंत नुकती आले होते. दादा त्या वेळी एका मोठ्या सापाला मारत होता आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. त्याला ते झोंबलं. तो उठून थेट काकूकडे, त्याच्या आईकडे गेला.

आमच्याकडे दिवसा गोष्ट सांगत नाहीत. सांगितली तर सांगणाऱ्याचा मामा वाट चुकतो, अशी समजूत. हे सगळ्यांना माहीत असतं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे ते विसरतात. दादाला मात्र बरोबर आठवलं. काकूने माझ्या आईला हाक मारली. "तुमची लेक भर दुपारी कहाण्या सांगायलीय. भाऊ तुमचा फिरतीवर असतो. आमाला काय, आमी आपलं सांगितलं."

आईचा भाऊ एकच. रस्त्यावर दगड पडताहेत, गाड्या थांबवताहेत, अशा दिवसांत तो आठवडा आठवडा फिरत असायचा. आईचा चेहरा पडला. तिने माझा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला. "माझ्या गळ्याची आण हाय तुला. दिवसा तोंडातून गोष्ट काढायची न्हाई."

"आई, ही टीव्हीतली गोष्ट आहे."

"गोष्ट ती गोष्ट."

"मग रात्री सांगू?"

"दिवे लागल्यावर सांग. कोण नको म्हणायलंय?"

दिवे लागायच्या वेळेला आमच्याकडे लाइट जायची. आली तर काका बातम्या लावायचे. म्हणजे दिवसा गोष्टीला बंदी आणि रात्री गोष्टीचा डबाच बंद. न दिसणाऱ्या राज्याची गोष्ट पोरींना अंधारात ऐकायची नव्हती. इतका चोख बंदोबस्त दादाला डोकं लावूनही जमला नसता, तो आपोआप जमला. तो माझ्याकडे बघून हसला. ते हसू मी अजून विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही.

मी गप्प बसले. उंबऱ्यात मात्र बसतच होते. उठून गेले असते तर तो जिंकला असता.

पोरं शेवटच्या वेशीपर्यंत पोचली. तिथे तो दगडी पहारेकरी. दादाने त्याला पुढून मारलं, मागून मारलं, उड्या मारून मारलं. पहारेकरी हलेना. उलट तलवारवालाच मरायचा आणि खेळ परत पहिल्या विहिरीवर. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. गल्लीतली पोरं कुजबुजायला लागली. दादाने कॅसेट फुंकून बघितली, तारा हलवून बघितल्या, टीव्हीच्या डोक्यावर थापटी मारून बघितली. मी बघत होते. खरं सांगायचं तर माझ्या आयुष्यात त्याइतकी गोड दुपार फार थोड्या वेळा आली आहे.

त्या रविवारी मामा येणार होता. त्याने दुकानाच्या फोनवर निरोप दिला होता. मी ठरवलं होतं, तो आला की सगळ्यांसमोर विचारायचं, डबा कुणाचा. मामाने एक शब्द टाकला असता तर काकाही बोलले नसते. आईच्या माहेरच्या माणसाचा तेवढा मान आमच्या घरात होता.

रविवारी दुपारी दादा वेशीवर पुन्हा मेला. खोली पोरांनी भरलेली. त्याने रिमोट गादीवर आपटला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "ती म्हातारी काय म्हणायली होती गं? तिसरी."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. ऊन रणरणत होतं.

"दिवस आहे," मी म्हणाले. "माझा मामा वाटेत आहे."

पोरं हसली. दादाचे कान लाल झाले. "नाटकं नको करू. एवढंच सांग."

"आईची आण आहे."

तो स्वयंपाकघरात माझ्या आईकडे गेला. मी ऐकत होते. "काकू, तिला सांगा की, बोल म्हणावं."

आई आतून म्हणाली, "आता कामून? तूच तर बंद केलं होतं ना बाबा."

मला आईचा असा अभिमान कधी वाटला नव्हता. दादा परत आला, नाक फेंदारून. मी त्याला म्हटलं, "सांगायला बंदी आहे. खेळायला नाही."

त्याला कळायला वेळ लागला. मग खोलीतली पोरंच ओरडायला लागली, "दे की तिला! दे!" शेवट त्यांनाही बघायचा होता. दादाने रिमोट माझ्या हातात दिला नाही, माझ्या पायाजवळ टाकला. मी तो उचलला. उंबऱ्यातून उठून गादीवर, थेट टीव्हीसमोर जाऊन बसले.

मी पहिल्यापासून खेळले. मला उड्या नीट मारता येत नव्हत्या, पण कुठे थांबायचं ते माहीत होतं. प्रत्येक म्हातारीजवळ थांबले. कुणी बटण दाबायला घाई करत नव्हतं, कारण बटण माझ्याकडे होतं. लाइट जाईल म्हणून जीव टांगणीला लागला होता. पोरंही "मार मार" करायची विसरली. वेशीवर आले. पहारेकऱ्यासमोर खालचं बटण दाबून धरलं. तलवारवाला वाकला, त्याने तलवार खाली ठेवली आणि तो उभा राहिला. पहारेकऱ्याच्या अंगावरचा दगड गळून पडला. आतला राजा बाहेर आला आणि सगळ्या विहिरींत पाणी चढायला लागलं.

मग ओळी आल्या. मी वाचायला लागले, मनातल्या मनात. "तू ऐकलंस, म्हणून तू पोचलास. हे राज्य आता तुझं, माझ्या मुला."

शेवटचा शब्द इंग्रजीत 'सन' होता. तेवढं इंग्रजी दादालाही येत होतं.

"सन!" तो ओरडला. "सन म्हंजी पोरगा! बघा, मलाच म्हणायलाय तो!" आणि त्याने दोन्ही हात वर केले. पोरांनी खरंच त्याला उचललं. मघाशी माझ्या बाजूने ओरडणारी तीच पोरं. मी गादीवर रिमोट धरून बसले होते आणि माझ्या डोक्यावरून दादाची मिरवणूक निघाली. मला त्याचा राग आला, त्या पोरांचा आला, आणि त्याहून जास्त त्या दूरदेशी बसून गोष्ट लिहिणाऱ्याचा आला. मी त्याची एकेक ओळ डिक्शनरीत शोधून वाचली होती. त्याच्या ध्यानीमनीही मी नव्हते.

तेवढ्यात मामा आला. वाट वगैरे काही चुकला नव्हता. देवगाव फाट्यावर ओळखीचा जीपवाला भेटला, त्याच्याबरोबर गप्पा मारत आरामात आला होता. दारातच पोरांनी त्याला घेरलं. "दादानं गेम संपवला! सेलूत कुणाला जमला न्हाई!"

मी म्हणाले, "मामा, मी संपवला."

मामाने ऐकलं. मी शपथेवर सांगते, त्याने ऐकलं. तो माझ्याकडे बघून हसला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दादाच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास रे पठ्ठ्या! ठेव मंग तो डबा तुलाच. हिला काय, आता कॉलेजचा अभ्यास हाय." काकू कौतुकाने हसली. दादाने तारा गुंडाळल्या आणि डबा आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

या माणसाची वाट चुकू नये म्हणून मी इतके दिवस तोंड शिवून बसले होते.

संध्याकाळची शिवपूजा झाली, दिवे लागले. आई चुलीपुढे पीठ मळत होती. म्हणाली, "आता सांग गोष्ट." मला सांगायची नव्हती. ती पुन्हा म्हणाली, "सांग. मला म्हाईत न्हाई ना, काय झालं ते."

मग मी सांगितली. विहिरी, म्हाताऱ्या, दगडाचा राजा, सगळं. आई भाकरी थापत होती आणि दर वाक्याला "हूं" म्हणत होती, आमच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने म्हणायचं असतं तसं. तलवार खाली ठेवल्याचं सांगितलं तेव्हा तिचा हात थांबला.

"तलवार कुणी ठिवली? दादानं?"

"मी."

"हूं. मंग राज्य कुणाचं झालं?"

"माझं झालं होतं," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. "तुझ्या भावानं दादाला देऊन टाकलं."

यावर ती "हूं" म्हणाली नाही. तव्यावरची भाकरी तिने उलटली, चुलीला टेकवून फुगवली.

मामा जेवायला बसला. मामाला एका भाकरीवर आईने कधी उठू दिलं नव्हतं. तो नको नको म्हणायचा आणि ती त्याच्या ताटावरचा आडवा हात बाजूला करून वाढायची, हे माझ्या लहानपणापासूनचं. त्या दिवशी त्याने एक भाकरी संपवली आणि सवयीने ताटावर हात आडवा धरला. आई दुरडी झाकून उठली आणि त्याच्या हातावर पाणी घालायला तांब्या घेऊन उभी राहिली.