घोड्यांच्या मागे कॅनडाची जीप

आमच्या गॅरेजमध्ये दोन गाड्या मावतात. एका जागी नवऱ्याची गाडी असते, दुसऱ्या जागी माझी जीप. त्यामुळे मी ऑफिसला नेते ती गाडी मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या थंडीत बाहेर कुडकुडत असते, आणि सकाळी तिच्या काचेवरचा बर्फ खरवडताना मी कुणालाही बोल लावत नाही. जीप माझी, हौस माझी, तेव्हा बर्फही माझाच.

जीप सैन्याची आहे. पण अमेरिकेच्या नव्हे, कॅनडाच्या. वय सत्तरीच्या पुढचं. हे मी पेट्रोल पंपावर, शेजारपाजारी, मंडळाच्या कार्यक्रमांत सांगत आलेय, आणि ऐकणाऱ्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग तुझा काय संबंध? अमेरिकन माणूस जरा साखर घालून विचारतो, घरात कोणी सैन्यात होतं का म्हणून. आपली माणसं सरळ विचारतात. गणपतीत एक काकू मोदकाची डिश माझ्या हातात देत म्हणाल्या, "अगं, ते भंगार काय घासत बसतेस? त्यापेक्षा योगा जॉइन कर, पाठ तरी सुटेल." मी म्हटलं, "काकू, जीपखाली आडवी पडले की पाठ सरळच असते." त्या हसल्या नाहीत. डिश मात्र परत घेतली नाही.

संबंध आहे. सांगते.

जीप मला एका शेतकऱ्याच्या कोठारात मिळाली. वर कोंबड्यांची घाण, आत उंदरांचं बिऱ्हाड, आणि बॉनेटवर अमेरिकन सैन्याचा हा एवढा मोठा पांढरा तारा. मधल्या कुठल्याशा मालकाने तिला अमेरिकन करून टाकलं होतं. सीटखाली अवजारांची एक कुजकी पिशवी होती. तिच्यातला पाना मी पँटला पुसला आणि बघतच राहिले. त्याच्यावर इंग्रजी सी कोरलेला होता आणि सीच्या पोटात वर टोक असलेला बाण. मी चाळिशी ओलांडलेली इंजिनियर बाई, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की हा पाना घरात नेता येणार नाही.

मी खडकीची. वडील लष्कराच्या डेपोत स्टोअर सांभाळायचे. आपल्याकडे लष्करी गाड्यांच्या नंबरप्लेटवर असाच बाण असतो. डेपोत तो पेट्यांवर, हातोड्यांवर, कुलपांवर, सगळीकडे असायचा. बाण म्हणजे सरकारी मालमत्ता, एवढं खडकीच्या शेंबड्या पोरालाही कळायचं. ही खूण इंग्रजांनी मागे ठेवलेली. आपण नुसता बाण ठेवला, कॅनडाने तो सीमध्ये घातला.

वडिलांचा नियम होता, बाण असलेली वस्तू घरात येणार नाही. एकदा आईने जुन्या बाजारातून एक जाडजूड मग आणला. मजबूत, पोचा पडणार नाही असा. वडिलांनी तो उलटा केला आणि बुडावरून अंगठा फिरवला. एका जागी पत्रा गुळगुळीत लागत होता.

"इथं बाण होता," ते म्हणाले.

"आता नाही ना?" आई म्हणाली.

"म्हणूनच. बाण असता तर सरकारी झाला असता. घासला म्हणून चोरीचा झाला."

तो मग त्याच दिवशी बाजारात परत गेला. आई पुढे कितीतरी दिवस त्यांना मुद्दाम चेपलेल्या पेल्यात चहा देत होती, पण नियम काही हलला नाही.

वडील आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत, खडकीतच. व्हिडिओ कॉलवर मी त्यांना पाना दाखवला. त्यांनी चष्मा वर ढकलला, फोन नाकाला टेकवला आणि तिकडून ओरडले, "परत कर!" मी सांगितलं की तिथल्या सरकारने या गाड्या कधीच लिलावात काढल्यात, कागद आहेत, विक्री रीतसर आहे. ते "बघू" म्हणाले. दोन दिवस विचार करून त्यांचाच फोन आला. "लिलावातली असेल तर ठेव. पण खूण घासायची नाही. एकही."

तेव्हापासून मी त्या जीपवरच्या खुणा शोधतेय. वरचा तारा ओल्या वॉटर पेपरने, हाताने उतरवला. मशीन लावली असती तर खालचंही गेलं असतं. ताऱ्याखाली एक हिरवा थर, त्याखाली दुसरा जरा चकचकीत हिरवा, आणि त्यात पुसट पांढरे आकडे. कॅनडाच्या सैन्यातला तिचा नंबर. पहिला आकडा वर आला तेव्हा मी गॅरेजमध्ये एकटीच टाळ्या वाजवल्या. नंतर जुने फोटो धुंडाळून पुढच्या बंपरवर कॅनडाची खूण म्हणून मेपलचं पान रंगवलं, डाव्या अंगाला फावडं आणि कुऱ्हाड पट्ट्यांनी आवळली, मागे पेट्रोलचा कॅन टांगला. कॅनसुद्धा बाणवालाच. त्याच्यासाठी ओंटारियोतल्या एका म्हाताऱ्याशी मी वर्षभर गोड बोलत होते, आणि गोड बोलणं हे माझं काम नव्हे.

जीप पहिल्यांदा सुरू झाली त्या वर्षीच आमच्या भागातल्या चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, परेडमध्ये गेली. पान, नंबर, सगळ्यासकट. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. मग मधल्या काळात अमेरिका आणि कॅनडातल्या बड्या लोकांची तोंडं वाकडी झाली, आणि यंदा परेडचे आयोजक माझ्या गॅरेजच्या दारात येऊन उभे राहिले. रिटायर झालेले गृहस्थ, स्वभावाने सज्जन. परेडच्या दिवशी माइकवर गाड्यांची माहितीही तेच वाचतात. हातात एक पुठ्ठ्याची पिशवी होती. तिच्यातून त्यांनी एक मोठा पांढरा तारा काढला. मॅग्नेटचा.

"यंदा वातावरण जरा गरम आहे," ते म्हणाले. "बॉनेटवर हा चिकटव आणि पानावर एखादी माळ टाक. दोनच तास. तुझ्या पेंटला ओरखडासुद्धा येणार नाही."

मी म्हटलं, "गाडी कॅनडाची आहे."

"मला माहीत आहे. पण लोकांना कशाला?"

ते तारा बाकावर ठेवून गेले. माझं डोकं असं तडकलं की रात्रीच्या भाजीत मी मीठ दोनदा घातलं. ती खारट भाजी निमूट गिळत नवरा म्हणाला, "अगं, मॅग्नेटच तर आहे यार. लावायचा आणि घरी येऊन काढून टाकायचा. आपलं ग्रीन कार्ड अजून पेंडिंग आहे. आत्ता कशाला उगाच नजरेत यायचं?"

"एक पान आहे बंपरवर. बॉम्ब नाही."

"तुला कळतंय मी काय म्हणतोय ते."

कळत होतं, आणि मला राग नेमका त्याचाच होता. आम्ही त्या रांगेत इतकी वर्षं उभे आहोत की तेव्हा जन्मलेली मुलगी आता हायस्कूलला आहे. टॅक्स वेळेवर भरतो, वेगाची मर्यादा पाळतो, विमानतळावर उगाचच हसतो. त्याची भीती खोटी नव्हती. तीच भीती माझ्याही पोटात होती, आणि म्हणूनच मला ती सहन होईना. मुलगी प्लेटमधून मान वर न काढता म्हणाली, "डॅड, इट्स अ लीफ." नवरा उठून भांडी घासायला लागला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या गेटवर बॅज टेकवताना माझा अंगठा त्यावरच्या नावावर पडला. दोन अक्षरांचं नाव. पहिल्या नोकरीत लोकांची जीभ अडखळते म्हणून मीच कापून दिलं होतं, आणि मधलं वडिलांचं नाव तर सरळ गाळलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. आपणच हौसेने घासलं आणि वर पॉलिशही केलं. मी तिथेच उभी राहिले. मागच्या माणसाला हॉर्न नव्हता म्हणून तो खोकला.

संध्याकाळी मी तारा घेऊन आयोजकांच्या घरी गेले आणि त्यांच्या फ्रिजला चिकटवला. फ्रिजवर तो फार छान दिसत होता, खरंच. म्हटलं, "जीप आहे तशीच येईल. नाहीतर येणार नाही."

त्यांनी उसासा टाकला. "मग मी तुला पुढे ठेवू शकत नाही. शेवटी यावं लागेल. घोड्यांच्या मागे."

घोड्यांच्या मागे म्हणजे काय, ते परेड पाहिलेल्याला सांगायला नको. मी म्हटलं, "चालेल. मिशिगनच्या चिखलात चालते, लिदीत काय अडतंय?"

मग त्यांनी माइकवर वाचायचं माझ्या गाडीचं कार्ड पुढे ओढलं. नाव मागच्या वर्षीचंच ना, त्यांनी विचारलं. मी पेन घेतलं आणि पूर्ण लिहिलं: माझं, वडिलांचं, आडनाव. त्यांनी ते डोळ्यांपासून लांब धरलं, मग जवळ धरलं.

"हे मधलं नाव नवऱ्याचं का?"

"वडिलांचं."

"आणि नवऱ्याचं?"

"त्याचं त्याच्याकडे आहे."

ते हसले. मग, खरं सांगते, त्या भल्या माणसाने मला तिथे बसवून ते नाव स्वतः म्हणून पाहिलं. वडिलांच्या नावातला 'ळ' त्यांना शेवटपर्यंत जमला नाही.

चार जुलैला ऊन रणरणत होतं. नवरा येणार नाही असं मला वाटलं होतं. तो आला, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घालून, आणि मागच्या बाकावर पेट्रोलच्या कॅनला टेकून बसला. मुलगी माझ्या शेजारी. तिने फोनवर खडकी लावली होती. तिकडे रात्रीची जेवणं आटपून वडील खुर्चीत टोपी घालून बसले होते.

आम्ही घोड्यांच्या मागून निघालो. जे व्हायचं ते झालं, जीपची चाकं माखली. बहुतेक लोकांनी कुठल्याही जीपला करतात तसे हात केले. पोरांना फक्त परेडमध्ये उधळतात त्या लिमलेटच्या गोळ्या हव्या होत्या. एका बाप्याने पान पाहिलं आणि खुर्चीतून उठून ओरडला, "गो होम!" जीपला की मला, ते त्याने सांगितलं नाही. मागून नवऱ्याचा हात माझ्या खांद्यावर आला, आणि तो माणूस, जो विमानतळावर उगाच हसतो, मोठ्याने म्हणाला, "वुई लिव्ह हिअर!" मी हॉर्न दाबला. तो हॉर्न सत्तर वर्षं जुना आहे, पुढचे दोन घोडे दचकले.

चौकात आयोजक माइकवर होते. त्यांनी घसा खाकरला. कॅनडाच्या सैन्याची जीप, ते म्हणाले, मूळ खुणांसह. मग माझं पूर्ण नाव, मग एक क्षण थांबून वडिलांचं, भोंग्यातून, अख्ख्या रस्त्यावर. 'ळ' लंगडला, पण नाव शेवटपर्यंत आलं. मला रडू आलं आणि मी ते पुसलं नाही, दोन्ही हात गाडीत गुंतलेले होते.

फोनवरून वडिलांचा आवाज आला, "बाण दाखव."

मुलीने मागे वळून फोन कॅनजवळ नेला.

"आहे का तिथंच?"

"आहे, बाबा," मी म्हटलं. "सगळं आहे."