खुर्द म्हणायचं नाही

माझं माहेर कळंबचं. मराठवाड्यातही एक कळंब आहे, त्यामुळे आमची पार्सलं कधीकधी तिकडे फिरून यायची आणि आम्ही हसायचो. कोणी विचारलं तर सरळ सांगायचो, चिंतामणीचं कळंब. दुसरं कळंब आहे म्हणून आपलं काही कमी झालं, असं घरात कोणाला कधी वाटलं नाही.

लग्न होऊन पांढरकवड्याकडच्या पिंपळगावात आले, तेव्हा मात्र पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी समज दिली. नाल्यापलीकडे दुसरं पिंपळगाव आहे. सरकारी कागदात ते बुद्रुक, म्हणजे मोठं. आमचं खुर्द, म्हणजे धाकटं. आता घरं आमच्याकडे जास्त, शाळा आमची मोठी, आठवडी बाजारही आमचाच. मग धाकटे आम्ही कसे?

"आपलं पिंपळगाव," सासरे म्हणाले. "खुर्द म्हणाचं नाही. मले चालत नाही."

गावालाच चालत नव्हतं. रस्त्यावरच्या पाटीवर 'खुर्द' आलं की आठ दिवसांत कोणीतरी त्यावर डांबर फासायचं. लग्नपत्रिकेत तो शब्द कोणी छापत नसे. एकदा नवरदेवाची वरात बुद्रुकला जाऊन उभी राहिली, इकडे जेवण गार झालं, मुहूर्त टळला, तरी पुढच्या लग्नाची पत्रिका तशीच छापली. जित्याची खोड. मला हा सगळा गाढवपणा वाटायचा, पण नव्या सुनेनं तोंड कशाला उघडायचं? पुढे जुनी झाले, तरी तोंड मिटलेलंच राहिलं. त्याबद्दल मला सासऱ्यांपेक्षा माझाच जास्त राग येतो.

दोन वर्षांपूर्वी कापूस वेचताना सासूबाईंना साप चावला. भर दुपार होती, नवरा यवतमाळला गेलेला. शेजाऱ्यांनी त्यांना बाजेवर घालून घरी आणलं. रुग्णवाहिकेसाठी फोन मी लावला, कारण घरात शिकलेली मीच. फोनवरच्या मुलीनं विचारलं, कोणतं गाव? मी म्हटलं, पिंपळगाव. तिनं नीट विचारलं, "बुद्रुक की खुर्द?"

सासरे समोर उभे होते. शेजारचे चारजणही माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणाले, "मोठं पिंपळगाव." मोठं म्हटलं की तिच्या कागदात बुद्रुक, हे मला माहीत होतं. माहीत असून म्हणाले.

गाडी बुद्रुकला गेली. दोन्ही गावांमध्ये नाल्यातून पायवाट आहे, गाडीचा रस्ता मात्र लांबचा वळसा घेऊन येतो. बुद्रुकच्या लोकांनी ड्रायव्हरला सांगितलं, इथं कोणाला साप चावला नाही, पलीकडे जा. त्यांच्यातला एकजण तर रस्ता दाखवायला गाडीत बसून आला. तोवर सासूबाईंची जीभ जड झाली होती. "आली काय व गाडी?" त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. "येऊन राह्यली, आई," मी म्हणत होते. गाडी दारात आली तेव्हा त्यांचं विचारणं थांबलं होतं. दवाखान्याच्या वाटेवरच त्या गेल्या.

वर्षश्राद्धाला बाहेर मांडवात पंगती चालू होत्या. आत ओसरीवर चार जुनी माणसं सासऱ्यांभोवती पान खात बसली होती. एकजण दबक्या आवाजात म्हणाला, बुद्रुकवाल्यांनी गाडी अडवून ठेवली. सासऱ्यांनी मान हलवली. "त्याहीनंच मारलं तिले."

वर्षभर गावात हीच गोष्ट फिरत होती आणि मी ती मुकाट ऐकत होते. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. हातातली वरणाची बादली खाली ठेवली आणि मोठ्यानं म्हणाले, "कोणी अडवली नाही, मामाजी. गाव मी चुकीचं सांगितलं. तुम्ही समोर उभे होते म्हणून सांगितलं."

मला वाटलं, आता ते रडतील, नाहीतर माझ्यावर हात उचलतील. दोन्ही मी सोसलं असतं. त्यांनी पान दुसऱ्या गालात सारलं आणि मांडवाकडे पाहिलं.

"हळू बोल," ते म्हणाले. "बुद्रुकचे लोकं जेवून राह्यले."