कासीमचाचांच्या गाद्या आणि तेरचे पाहुणे

आता कुठून सुरुवात करू? असं बघा, माझ्या लग्नाची बोलणी झाली तेव्हा मी स्वतः त्या खोलीत हजर होतो. नुसता हजर नव्हतो, बोलतही होतो. फक्त बोलणी चालू आहेत, एवढंच मला ठाऊक नव्हतं.

हसू नका. चहा घ्या आधी, गार होतोय.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. मी उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, कचेरीत कारकून होतो. शाळा सगळी उर्दूतून झालेली. कचेरीचा कारभार मराठीत आला तेव्हा आम्ही काही दिवस मराठी अर्जसुद्धा उजवीकडून वाचायला जायचो! पण त्या उर्दूनं मला एक नाद लावला होता. मुशायऱ्याचा. रविवारी दुपारी हैदराबादच्या रेडिओ स्टेशनवर मुशायरा लागला, की मला जेवणाचीही शुद्ध नसायची.

रेडिओ मात्र मोठा नामांकित होता. बदलून जाणाऱ्या एका साहेबानं विकलेला, बॅटरीवरचा. त्याचा भोंगा उंदरांनी खाल्लेला. मग माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सलीमनं सोलापूरच्या जुन्या बाजारातून एक लष्करी हेडफोन आणला आणि रेडिओला जोडून दिला.

"मिलिटरीचा माल आहे, मियाँ," सलीम म्हणाला. "तोफा चालू असताना लोकांनी यातून ऐकलंय."

ऐकलं असेल. पण लढाईनंतर त्यांना कान शिल्लक होते का, ते त्यानं सांगितलं नाही. दोन काळ्या टणक चकत्या आणि डोकं आवळणारी पोलादी पट्टी. अर्ध्या तासात कान असे लालभडक व्हायचे, की सोमवारी कचेरीत लोक विचारायचे, "काय, साहेबांनी आत बोलावलं होतं वाटतं?"

तरी मी सोसत होतो. पण तेवढ्यात तेर गावी मुलगी पाहायला गेलो.

त्या काळी प्रश्न विचारायचे ते मुलाकडच्यांनी. स्वयंपाक येतो का, वाचता येतं का, वगैरे. मी आपला रुबाब म्हणून मध्येच सांगून टाकलं, की माझ्याकडे रेडिओ आहे. तर मुलीनं मान वर केली आणि सरळ मलाच विचारलं, "त्यात काय काय ऐकू येतं?"

सगळी बैठक चमकली. मी तर तिथंच संपलो! लग्न करीन तर हिच्याशीच, असं ठरवून एसटीत बसलो. पण ठरवणारा मी कोण? तिचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणायचे, निरोप देताना एवढंच म्हणाले, "आमी येऊन बघतो येकदा. मग कळवू."

कधी येणार, हे विचारायचं नसतं. अवचित यायचं, मुलगा कसा राहतो, कसा बोलतो ते बघायचं, ही रीत. म्हणून मी रोज दाढी करू लागलो, खोली झाडू लागलो. आणि मनात एकच काळजी. उद्या ती मुलगी या घरात आली, तिनं हौसेनं हेडफोन कानाला लावला आणि तिचेही कान लाल झाले, तर? लोक मला काय म्हणतील?

कानांना गाद्या हव्यात!

आधी सायकलची ट्यूब कापून लावली. आवाज विहिरीतून आल्यासारखा येऊ लागला आणि कानातून पंक्चरच्या दुकानाचा वास. मग जुन्या बंडीची फ्लॅनेल लावली. ऊब छान आली, पण कवी गोधडीत तोंड खुपसून म्हणतोय असं वाटायला लागलं. शेवटी टांगा स्टँडजवळच्या कासीमचाचांकडे गेलो. चाचा टांग्याच्या घोड्यांचं सामान करायचे, गळ्यातल्या गाद्या, खोगिरं, लगाम.

"गादी किसकू होना?" चाचांनी विचारलं.

"कानाला."

"घोडे के?"

"माझ्या."

चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडे नीट पाहिलं. मग सुतळी घेतली, माझ्या दोन्ही कानांचा घेर मोजला आणि म्हणाले, "घोडे से छोटेच हैं." या सांगण्यात थोडं आश्चर्य होतं, असं मला वाटलं. "फिकर नक्को करो. आज तक एक घोडा बी शिकायत नइं किया."

आणि काय गाद्या झाल्या म्हणून सांगू! वरून बकऱ्याचं लोण्यासारखं कातडं, आत सावरीचा कापूस, जाडी तान्ह्या बाळाच्या उशीएवढी. कानावर चढवल्या आणि जग बंद झालं. टांग्याची घुंगरं बंद, कुत्री बंद, आमच्या घरमालकीणकाकूंची हाक बंद. उरला फक्त आवाज, तोही असा की कवीनं घोट गिळलेला समजावा.

दुसऱ्या दिवसापासून मी कचेरीत आवाजातला जाणकार झालो. "खर्ज म्हणजे काय ते मला आता कळलं," मी सलीमला सांगितलं. "पूर्वी नुसतं माळवद होतं, आता खाली भिंती आल्यात."

"मियाँ," सलीम शांतपणे म्हणाला, "रेडिओ वही, तार वही, स्टेशन वही. वाढलंय ते फक्त घोड्याचं सामान."

अडचण एकच होती. गाद्या एवढ्या जाड, की पोलादी पट्टी फाकली आणि हेडफोन सारखा घसरू लागला. मग मी त्यावरून मफलर घेऊन हनुवटीखाली घट्ट गाठ मारायचो. थंडीचे दिवस. सगळं गाव कान बांधून फिरत होतं. त्यामुळे मला बघून कुणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं.

हेच तर नडलं!

तो रविवार. दुपारी जेवून मी मफलर आवळला, शाल पांघरली आणि देवळीतल्या रेडिओकडे तोंड, दाराकडे पाठ करून मांडी घातली. रेडिओवर धूळ बसू नये म्हणून विणलेला रुमाल टाकलेला. वायर शालीखालून गेलेली. डोळे मिटले. जाणकार डोळे मिटूनच ऐकतात.

आता पुढचं जे सांगतो, ते मी तेव्हा ऐकलेलं नाही. ते मुलीच्या मामांनी नंतर प्रत्येक लग्नात, बारशात, अगदी एका तेराव्यालासुद्धा साभिनय सांगितलं. तिथून मला तोंडपाठ आहे.

आबा आणि मामा अंगणात आले. काकूंनी पापड वाळत घालता घालता बोट दाखवलं, "हायत की आत. जावा." दोघं दारात उभे राहिले.

"राम राम," आबा म्हणाले.

नेमकं त्याच वेळी हैदराबादेत निवेदक पहिल्या कवीला बोलावत होता. मीही त्याच्याबरोबर हात कपाळाला लावून म्हणालो, "आइए, आइए! तशरीफ लाइए!"

आबा खूश! "बघ," ते मामांना म्हणाले, "जुन्या कचेरीची आदब हाय."

"पन त्वांड का फिरवलंय?"

"लाजतंय पोरगं."

"आन डोळं मिटलेत की, दाजी!"

"कारकुनी काम. डोळं थकत्यात."

"गाल बगा, ह्ये एवढं सुजलेत."

"दाढ धरली आसंल. थंडी लई हाय."

दोघं घोंगडीवर टेकले. आबा मनानं सरळ माणूस. त्यांनी घसा खाकरला. "आमचं झाकून न्हाय. पोरगी चौथी शिकली. फुडं गावात तिच्यासाठी सोय न्हवती. चालंल न्हवं?"

इकडे कवीनं पहिला शेर टाकला. मी मान डोलावली. "वाह! क्या सादगी है!"

आबांना धीर आला. "आन देण्याघेण्याचं म्हनाल, तर हुंडा काय आमच्याच्यानं व्हनार न्हाय."

मी मांडीवर थाप मारली. "क्या बात है! फिर से!"

आबा बिचकले. पण मुलानं विचारलंय म्हटल्यावर पुन्हा म्हणाले, "हुंडा व्हनार न्हाय, म्हनलं."

"वाहवा! फिर एक बार!"

तिसऱ्यांदा आबांनी ते जरा तालात म्हटलं, असं मामा सांगतात. मी मान हलवत "जी खूश हो गया" म्हणालो आणि आबांनी उपरण्यानं डोळे पुसले. हुंडा मिळणार नाही हे तीनदा ऐकून खूश होणारा जावई त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

मामांना मात्र हे गोड बोलणं पटेना. ते पुढं सरकले. "आता म्या इचारतो. दारूबिरू घेता का?"

दुसरा कवी मैफलीला प्याल्यावर प्याले पाजत होता. मी झुलत म्हणालो, "अहाहा! क्या नशा है!"

"ऐका, दाजी!"

"आरं, खरं तर बोलतोय! दुसरा आसता तर झाकलं आसतं."

मामांनी शेवटचा खडा टाकून पाहिला. "माझी बांधाची केस हाय इथल्या कोर्टात. तारखेला मुक्काम तुमच्याकडंच टाकीन. चालंल?"

हैदराबादेत एका बुजुर्ग शायराचं आगमन झालं होतं. मी दोन्ही हात पसरले. "आइए, हुजूर! सर आँखों पर!"

मामासुद्धा विरघळले! आबांनी मांडीवर हात घासले. "मग झ्याक. माघातली तिथी काढावी म्हंतो."

आणि नेमका त्याच वेळी तो तिसरा कवी आला हो! गळा गंजलेल्या बिजागरीसारखा आणि गझल संपता संपेना. माझी सहनशक्ती संपली. कान बंद असले की माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. त्यामुळे मला वाटलं मी पुटपुटतोय. प्रत्यक्षात अंगणातले पापड हादरले.

"बस करा! कुणी आणलं याला इथं? उठवा, उठवा! कुठून कुठून येऊन बसतात आणि डोकं खातात! घरी जा बाबा, घरी जा!"

आबा उठले. पेरूंची पिशवी आणली होती, ती तेवढी दाराशी ठेवली आणि गेले. मामांनी मात्र उंबऱ्यावर जोडे आपटून घातले.

मी त्या कवीची गझल संपल्याच्या आनंदात डोळे उघडले, तर समोर काकू. हातात चहाच्या तीन कपबश्या. त्यांचे ओठ हलत होते.

"काय?" मी विचारलं.

काकूंनी कपबश्या खाली ठेवून हातानं मिशी पिळून दाखवली, मग पिशवी, मग रस्ता.

"दळण आणायचंय?"

काकूंनी कपाळावर हात मारला. पुढं येऊन मफलरमध्ये बोटं घातली, एका कानावरची गादी ओढून धरली आणि आत ओरडल्या, "तेरचं पाव्हणं आलं हुतं! तुमी हाकलून दिलं त्यांस्नी!" गादी फटकन परत बसली.

त्या एका वाक्यानंतर मला काही ऐकायचं उरलंच नव्हतं म्हणा. मफलरची गाठ सोडू लागलो, सुटेना. तशीच वायर उपटली आणि पळत सुटलो. डोक्याला मफलर, दोन्ही बाजूंना टेंगळं आणि मागून शेपटीसारखी वायर! टांगेवाले काय म्हणाले ते, गाद्यांच्या कृपेनं, मला कळलं नाही.

स्टँडवर तेरची गाडी उभीच होती. आबा खिडकीशी. मी खाली उभा राहून जिवाच्या आकांतानं ओरडलो, "आबा! ते मी तुम्हाला नाही म्हणालो!" आबांचे ओठ हलले. मी पुन्हा ओरडलो. पुन्हा ओठ हलले. ते दिसत होते, पण उत्तर काही पोचेना.

"बगा दाजी," मामा तेव्हा म्हणाले म्हणे, "घरातनं हाकललं त्ये हाकललं, आता ष्टँडवरनं बी हाकलाया आला!"

पण माझी ती शेपटी मामांना दिसली. ते खाली उतरले, माझी हनुवटी धरली आणि पानाच्या चंचीतला अडकित्ता काढून गाठ कापली. मफलर पडला. कासीमचाचांच्या गाद्या उघड्या पडल्या. आणि एकदम जग सुरू झालं, गाडीची घरघर, फेरीवाले, सगळ्यांचं हसणं!

मी एका दमात सगळं सांगितलं. रेडिओ, भोंगा, घोड्याच्या गाद्या, तिसरा कवी. "आबा, मी चहाशिवाय कशाला शिवत नाही. आणि हुंडा नको, हे मी शुद्धीवर असतानाही तीनदा म्हणेन!"

मग आबांनी खिडकीतून हात बाहेर काढून हेडफोन मागून घेतला. बैल घेताना वशिंड दाबून बघतात तशी अंगठ्यानं गादी दाबली. पटका काढून मांडीवर ठेवला आणि हेडफोन कानावर चढवून दोन्ही हातांनी धरला.

मामा सुरू झाले. "दाजी, फसू नगा! कान बांधून बसनारा मानूस संसार काय करनार? म्या आदीच म्हनलं हुतं, त्या लोहारा गावच्या पोराचं बगा, आमच्या मागल्या गल्लीतल्या सोयऱ्यानं सांगितल्यालं..."

मामा बोलत होते. आबा ऐकत नव्हते. आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं समाधान पसरत गेलं, की मी कुठल्या शायराच्या चेहऱ्यावरही पाहिलेलं नाही. हा मेहुणा ते लग्नापासून ऐकत आले होते. पहिल्यांदाच तो दिसत होता आणि ऐकू येत नव्हता!

कंडक्टरनं घंटी दिली. आबांनी हेडफोन सावकाश उतरवला आणि मामांना विचारलं, "तू काय बोलत हुतास व्हय?"

मग माझ्याकडं वळले. "अशी येक जोडी आमाला मिळंल का, जावाईबापू?"

जावईबापू! मी म्हटलं, "उद्याच करायला टाकतो."

"मग माघातलीच तिथी धरू."

"आन माझ्या मुक्कामाचं?" मामांनी गाडीत चढता चढता विचारलं.

"त्ये बी कबूल केलंय की त्येंनी," आबा म्हणाले. "सर आँखों पर. म्या ऐकलंय."

लग्न झालं. आणि बांधाची केस म्हणजे काय, हे ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. तारीख पडायची आणि मामा यायचे. आले की जेवायचे, जेवले की बोलायचे, बोलून दमले की आमच्या एकुलत्या खोलीत आडवे होऊन घोरायचे.

पहिल्याच मुक्कामाला बायको म्हणाली, "अहो, तो रेडिओ लावून द्या की मला." मी हौसेनं तिच्या कानांवर गाद्या बसवल्या, वरून मफलरसुद्धा बांधला. तिच्या चेहऱ्यावर हुबेहूब आबांचं समाधान! किती वेळ तरी ती तशीच डोळे मिटून बसली. माझा ऊर भरून आला. म्हटलं, हिलाही खर्ज कळतो!

संध्याकाळी मी रेडिओवरचा रुमाल झटकायला गेलो, तेव्हा लक्षात आलं. बॅटरी मागच्याच आठवड्यात बसली होती.

त्यात काय काय ऐकू येतं, असं तिनं तेरला विचारलं होतं. उत्तर तिचं तिनं काढलं होतं.

तेव्हापासून मामांची तारीख असली की गाद्या तिच्या कानांवर. आणि मी? मी मामांच्या उशाशी बसून त्यांचं घोरणं ऐकायचो. मधे ना कातडं, ना कापूस. आवाज मात्र अगदी स्वच्छ यायचा हो, खर्जासकट!