मिलान, लेक कोमो आणि तिसरं बटण

गार्गीने व्हिडिओ कॉलवर सहज सांगितल्यासारखं सांगितलं, "लेकवर नेल्सनपण येईल," आणि सुनंदाने त्याच संध्याकाळी मला व्हिसाचे फॉर्म भरायला बसवलं. गार्गी आमची एकुलती एक. नोएडात वाढली, डिझाइन शिकायला मिलानला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. तिने मुलगा भेटवायचा, आम्ही बघायचा, मग बोलायचं, असं ठरलं होतं. सुनंदा मात्र आपलं 'नाही' पर्समध्ये टाकूनच निघाली. नेल्सन नापास झाला की पोर परत घरी, अशी तिची योजना.

जाणाऱ्यांसाठी सांगतो: व्हिसाच्या मागे दोन-तीन महिने आधी लागा. आणि विमानतळावरून टॅक्सीच्या फंदात पडू नका. ट्रेन तासाभरात शहरात सोडते.

मिलान म्हणजे नटूनथटून राहणाऱ्यांचं गाव. सत्तरीचे आजोबा भाजी आणायला निघतात तेही मोज्यांना जुळणारा रुमाल खिशात खोचून. माझा धंदा शर्टाच्या बटणांचा, एका जुन्या मशीनवर सुरू केलेला, त्यामुळे माझी नजर माणसाच्या चेहऱ्यापर्यंत जरा उशिराच पोचते. ट्राममध्ये एका गृहस्थांच्या कोटाला खऱ्या शिंगाची बटणं होती. मी इतका वेळ पाहत राहिलो की त्यांनी बिचाऱ्यांनी कोट उघडून आतलं जादा बटणही दाखवलं. सुनंदा पुढच्या स्टॉपला उतरली. आमचा स्टॉप तो नव्हता.

मोठ्या कॅथेड्रलच्या गच्चीवर जरूर जा. लिफ्टपेक्षा जिन्याचं तिकीट स्वस्त आहे, गुडघे शाबूत असतील तर जिनाच घ्या. कॉफी काउंटरवर उभ्याने प्यावी, सव्वा-दीड युरोत काम होतं. टेबलाशी बसलात की खुर्चीचंही भाडं भरताय असं समजा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेंट्रल स्टेशनवर नेल्सन चार तिकिटं घेऊन उभा होता, चारींवर मशीनचा शिक्का मारून. कागदी तिकिटावर हा शिक्का मारायचा राहिला तर दंड बसतो, लक्षात ठेवा. मुलगा सावळा, उंच, दाढी कोरलेली. "आई, बाबा, हा नेल्सन," गार्गी म्हणाली. "याच्याशी इंग्लिशमध्ये बोला हां."

इथे आमची एक खोड सांगायला हवी. दिल्लीकडच्या मराठी नवरा-बायकोला आपली भाषा म्हणजे कुलूपबंद कपाट वाटतं. सरोजिनी नगरच्या दुकानदारांसमोर आम्ही वर्षानुवर्षं त्यांच्या तोंडावर "लुबाडतोय, निघा" म्हणत आलो. तीच सवय गाडीत.

तळ्याकाठच्या वारेन्ना गावाला जाणारी गाडी तासाभराची. डावीकडची खिडकी धरा, शेवटची वीस मिनिटं तळं सोबत धावतं. पलीकडे डोंगर, खाली रंगीत घरं, मध्ये निळंगार पाणी. सुनंदाने त्या पाण्याकडे पाहत मला सांगितलं, "उंची बरी आहे. पण खांदे पडलेत."

नेल्सन ताठ बसला.

मी आयुष्यभर गिऱ्हाइकं वाचत आलोय. थोड्या वेळाने सुनंदा म्हणाली, "मेला लाघवी मात्र आहे." गार्गीने विचारलं, "लाघवी म्हणजे?" आणि नेल्सन खिडकीकडे तोंड करून हसला. जो शब्द आमच्या पोरीला कळला नाही, त्यावर हा हसला. मी जांभई देत म्हटलं, "त्याच्या शर्टाचं तिसरं बटण निघालंय बघ."

त्याचा हात छातीवर गेला. थेट तिसऱ्या बटणावर. बटण जागेवरच होतं, मला माहीत होतं.

मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. सुनंदाला सांगावं असं क्षणभर वाटलं, पण अशी संधी कुठल्या बापाला मिळते?

वारेन्नाहून बेलाजिओला बोटीने पंधरा-वीस मिनिटं लागतात, तिकीट चार-पाच युरो. बोटीवर मी सुनंदाला विचारलं, "कर्जबिर्ज असेल का गं याच्यावर?" नेल्सनने काही कारण नसताना गार्गीला इंग्लिशमध्ये सांगितलं की त्याने कार रोखीनेच घेतली. जेवताना मी म्हटलं, "पीत असेल." वेटरने वाइनचं विचारलं तर हा म्हणाला, फक्त पाणी. गार्गी त्याच्याकडे पाहतच राहिली. तळ्यातला मासा आणि पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा म्हणा, दोन्ही छान होतं. मला तर खेळामुळे आणखीच चव आली.

बेलाजिओच्या दगडी पायऱ्या चढून-उतरून सुनंदा दमली. पाण्याकाठच्या बाकावर आम्ही तिघं बसलो, गार्गी आइस्क्रीम आणायला गेली. सुनंदा तळ्याकडे बघत म्हणाली, "मुलगा चांगला आहे हो. तीच तर पंचाईत. वाईट असता तर नाही म्हणून हिला घेऊन गेले असते. आता ही इथलीच झाली. उद्या नातवंडांशी मला इंग्लिशमध्ये बोलावं लागेल, आणि ती माझ्या इंग्लिशला हसतील."

खेळ तिथे संपला. मी तिला गाडीतच थांबवायला हवं होतं.

नेल्सनने हातातला नॅपकिन चार वेळा घडी केला. मग म्हणाला, "काकू, माझी आई वसईला असते. तिला इंग्लिश येतच नाही."

एक बोट आली, माणसं उतरली, दुसरी चढली. सुनंदाने विचारलं, "कधीपासून ऐकतोयस?"

"स्टेशनपासून."

"खांद्यांचं पण?"

"हो."

"आणि तुम्हाला कधी कळलं?" हे मला.

"बटणापासून," मी म्हणालो.

गार्गी चार कोन सांभाळत आली तेव्हा तिच्या आईने तिला जे सुनावलं, त्यातले निम्मे शब्द तिला कळले नाहीत. नेल्सन शेजारी उभा राहून इमानदारीत भाषांतर करून सांगत होता. "अरे यार, मी खोटं कुठे बोलले?" गार्गी म्हणाली. "इंग्लिशमध्ये बोला एवढंच सांगितलं होतं. तुम्ही ऐकता का कधी?" परतीच्या प्रवासात सुनंदा माझ्याशी अवाक्षर बोलली नाही. नेल्सनशी बोलली, वसईच्या सुक्या बोंबलांवर, मिलान येईपर्यंत.

घरी येऊन तीन आठवडे झाले. तळ्याचे फोटो शेजाऱ्यांना दाखवून झाले. काल दुपारी सुनंदाने स्वतःहून वसईला फोन लावला. दोन्ही आया पाऊण तास बोलल्या. मी पेपर वाचत असल्याचं दाखवत होतो.

"काय ठरलं?" फोन ठेवल्यावर विचारलं.

"ठरायचं काय? तिलाही आपला पोरगा परत हवाय. दोघी मिळून नाही म्हणालो तरी ती दोघं काही यायची नाहीत. मग म्हटलं, हो म्हणून तरी टाकू. दर वर्षी एक महिना आम्ही दोघी तिकडे जाणार आहोत. तुमचं तुम्ही बघा."

"गार्गीला कळवलंस?"

"पंधरा दिवस वाट बघू दे. मला नाही का वेड्यासारखं बोलू दिलं दिवसभर?"

मीही गुन्हेगार, त्यामुळे तोंड उघडायची सोय नाही. गार्गीला काही सांगणार नाही, असा शब्द दिलाय आणि तो पाळणार आहे. तशीही तिला एवढं लांबलचक मराठी वाचायचा कंटाळा. नेल्सन मात्र माझा ब्लॉग अक्षरन्अक्षर वाचतो.