तोंड फिरवून

भंडाऱ्याच्या आमच्या प्रयोगशाळेत किरणोत्सार मोजणारे डिटेक्टर बनतात. तिथला एक तंत्रज्ञ मूळचा अड्याळचा. डिटेक्टरची सिलिकॉनची चकती चिमट्यात धरली की तो श्वास रोखून धरतो. बोलायचंच झालं तर तोंडाला मास्क असूनही बाजूला वळून बोलतो. "श्वासाची वाफ लागली का गेली जी चकती," एवढंच त्याचं म्हणणं.

ही सवय इतकी अंगात मुरली, की चहाच्या टपरीवरही तो समोरच्याशी न बोलता भिंतीशी बोलतो. त्याची बायको एकदा मला म्हणाली, "मले सांगतात अन् पाहतात खिडकीकडे. मी का चकती आहो सर, वाफ लागून बिघडाले?" आम्ही हसलो. तोही हसला, तोंड फिरवून.

परवा ती गेली. कारध्याच्या स्मशानघाटावर तिचा चेहरा झाकण्याआधी त्याला पुढे बोलावलं. तो वाकला. त्याने श्वास रोखलेला मी ओळखला. सवयीने मान वळलीसुद्धा. मग त्याने मान परत वळवली, तोंड तिच्या अगदी चेहऱ्याजवळ नेलं आणि म्हणाला,

"घे, तुयाकडेच पाहून बोलून राहिलो व."