बावीस हिरवे दिवे

हसायचं असेल तर आधीच हसून मोकळं व्हा बाई. मधेच कुणी हसलं की माझी पुढचं सांगायची हिंमत जाते. घोळ माझ्याच हातून झालाय, दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोय नाही. आजही आठवला की कान गरम होतात.

मी नेरूळला एका पॅथॉलॉजी लॅबच्या मुख्य ऑफिसात कॉम्प्युटरचं सगळं सांभाळते. नवी मुंबईभर लॅबची बावीस सेंटरं. प्रत्येक सेंटरात एक काळा डबा, म्हणजे छोटा सर्व्हर. रिपोर्ट तयार झाला की डबा तो डॉक्टरांना पाठवतो. काही भलतंच निघालं, साखर एकदम खाली वगैरे, तर लगेच डॉक्टरांच्या मोबाइलवर इशारा देतो. आणि माझं काम काय, तर हे बावीस डबे जिवंत आहेत ना ते बघायचं. डबा दर मिनिटाला आपली खुशाली कळवतो. कळवली की माझ्या स्क्रीनवर त्याच्या नावापुढे हिरवा दिवा. गप्प बसला की लाल.

एक दिवस सुरक्षेचा नवा नियम आला. डब्यांनी ऑफिसशी थेट बोलायचं नाही. मधे एक मशीन बसवायचं, त्याला म्हणायचं प्रॉक्सी. डब्यांनी आपला निरोप कुलूपबंद करून प्रॉक्सीकडे द्यायचा, प्रॉक्सी तो माझ्याकडे आणून देणार. सोसायटीच्या गेटवर पार्सल घेतात ना, तसंच. पार्सल आत येतं, आणणारा बाहेरच राहतो.

आमचे मॅनेजर कदम सर. साताऱ्याचे, आवाज खणखणीत. म्हणाले, "मानसी, चारला मालक बघायला येणार हायत. तेवढं करून टाक."

साडेतीनला मी सगळं प्रॉक्सीवर वळवलं. आणि स्क्रीनवर बघते तर काय? बावीसच्या बावीस लाल! मिरच्या वाळत घातल्यासारखी स्क्रीन!

मी घाम पुसला आणि डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे मला तसं वाटलं. आता सगळे निरोप प्रॉक्सीच्या पत्त्यावरून येणार, आणि स्क्रीन बिचारी डब्यांचे जुने पत्ते शोधत बसलीय. एवढंच ना? मी तिला सांगून टाकलं, प्रॉक्सीच्या पत्त्यावरून काहीही आलं की बावीसही जणांची हजेरी लाव.

बावीस हिरवे! मालक खूश, कदम सर खूश.

हे तात्पुरतं होतं हं. मालक गेले की मी ते नीट करणार होते. पण आपल्याकडचं तात्पुरतं तुम्हाला माहीतच आहे. तात्पुरत्या पत्र्याच्या शेडचीसुद्धा वास्तुशांत होते.

तिसऱ्या दिवशी सारसोळ्याच्या सेंटरवरून फोन. तिथे काउंटरला कुंदाताई असतात. सारसोळ्याच्याच, मूळ गावठाणातल्या, पन्नाशीच्या.

"मॅडम, तुमचा डबा बंद हाय. रिपोट जात नाय."

मी स्क्रीनकडे बघितलं. सारसोळे, हिरवा.

"ताई, चालू आहे. मला इथे दिसतोय."

"तितं दिसत आसंल. हितं नाय चालत."

"वायर हलवून बघा."

"कंची वायर? मॅडम, त्या पेंटरनं ना…"

"पेंटरचं मला नका सांगू ताई, ते बिल्डिंगवाल्या माणसाला सांगा. माझ्याकडे फक्त सर्व्हर."

आणि फोन ठेवला. केवढी ती ऐट!

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "मॅडम, जरा येऊन जा ना. नेरूळवरनं दहा मिंटं तर हाय."

"ताई, येऊन मी वेगळं काय बघणार? डोळ्यांसमोर हिरवा दिवा आहे."

"मंग माझ्या डोळ्यांसमोर काय हाय, ते तरी आयका!"

नाही ऐकलं. सहाव्यांदा फोन आला तेव्हा मी काय केलं असेल? कदम सरांना मेल लिहिला. चांगला परिच्छेदबिरिच्छेद पाडून. 'सारसोळे येथील कर्मचारी नवीन यंत्रणेशी जुळवून घेत नाहीत. प्रशिक्षणाची गरज आहे. प्रशिक्षण मी देईन.'

कदम सर म्हणाले, "चल, मी पण येतो. शिकू की आपण पण."

अकराव्या दिवशी सकाळी आम्ही सारसोळ्याला पोचलो. मी लॅपटॉप उघडून काउंटरवर ठेवला, कुंदाताईंना समोर बसवलं आणि सुरुवात केली. हे आपलं सेंटर. हा हिरवा दिवा. दिवा हिरवा म्हणजे सर्व्हर उत्तम. कळलं? कुंदाताई शांतपणे ऐकत होत्या. कदम सर मान हलवत होते.

"आता मला दाखवा ताई, आपला सर्व्हर कुठे आहे?"

कुंदाताई उठल्या. स्टूल ओढलं, त्यावर चढल्या, माळ्यावर हात घालून एक बोचकं खाली काढलं आणि लॅपटॉपशेजारी ठेवलं. सुतळीनं बांधलेली गोणी. सुतळी सोडली. आत प्लास्टिकची पिशवी. पिशवीत आमचा काळा डबा, अंगावर डिस्टेंपरचे पांढरे शिंतोडे, आणि त्याच्या वायरी वेणी घातल्यासारख्या गुंडाळलेल्या.

"भिंतीला ओल आलेली, मॅडम. पेंटरनं काढून ठेवला. परत लावायला कोनाला येतंय? तेच तर सांगत होते."

लॅपटॉपवर अजून सारसोळे हिरवंच!

कदम सरांनी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा स्क्रीनकडे. "मानसी, हे गोणीत पण चालतंय व्हय?"

मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. पण खरी लाज पुढेच होती.

काउंटरवर एक दोनशे पानी वही होती. मी काहीतरी करायचं म्हणून उघडली. पेशंटचं नाव, तपासणी, आकडा, डॉक्टरांचं नाव, पुढे वेळ आणि बरोबरची खूण. डबा निघाला त्या दिवसापासूनचं सगळं, गोल गोल अक्षरात.

"ताई, हे काय?"

"रिपोट. डबा बंद म्हनून पेशंट थांबतो काय? मशीनच्या चिठ्ठीवरचं लिवून घेते आनि डाक्टरला फोनवर वाचून दाखवते. दोनदा वाचते, चूक नको."

एका नावाखाली लाल पेनानं दोन रेघा होत्या.

"आणि हे?"

"हे मागच्या गल्लीतले आजोबा. साखर पार खाली गेलेली. डब्यानं डाक्टरला सांगितलं आसतं, पन डबा माळ्यावर. डाक्टरचा फोन लागेना. मंग मीच धावत गेले. सून भाकऱ्या थापत होती. तिला बोलले, सोड ते, आधी साखरपानी पाज. मंग रिक्षात घालून डाक्टरकडं नेलं. बरे हायत आता."

मी तारीख बघितली. त्या दिवशी त्यांचा फोन मी चौथ्यांदा कापला होता. माझी स्क्रीन तेव्हाही हिरवीगार. आजोबांच्या जिवावर बेतलं असतं आणि मी इकडे चहात बिस्किट बुडवत म्हटलं असतं, छान, सगळं उत्तम.

"ताई, चुकलं माझं," मी म्हटलं.

"चुकलं तर चुकलं. बोलनारं मानूस पुरं बोलू द्यायचं, येवढंच," त्या म्हणाल्या आणि माझ्यासमोर चहाचा कप सरकवला. "आता त्या वायरी लावा. मला पन शिकवा, कंची कुठं जाते ती."

लावल्या. शिकवल्या. त्या दिवशीचं खरं प्रशिक्षण एवढंच.

ऑफिसात परतल्यावर एकच कोडं उरलं. सारसोळ्याची हजेरी दुसरं कोणीतरी लावत होतं, हे उघड होतं. कॉलेजात एकजण मागच्या बाकावरून सगळ्या टोळीची प्रॉक्सी मारतो, तसं. पण तो कोण? वाशी? बेलापूर? कदम सर माझ्या खुर्चीमागे उभे राहिले आणि मी प्रॉक्सीच्या दारावरची यादी उघडली. कुणाचे निरोप आत घ्यायचे, ती यादी.

यादीत बावीसपैकी एकाही सेंटरचं नाव नव्हतं. घालायचीच राहून गेली होती! म्हणूनच पहिल्या दिवशी सगळे लाल झाले होते, पत्त्याबित्त्याचा काही संबंध नव्हता. यादीत एकच नाव होतं. त्या पहिल्या दिवशी सकाळी चाचणीसाठी घातलेलं, माझ्याच टेबलावरच्या कॉम्प्युटरचं. तोच बिचारा दर मिनिटाला इमानेइतबारे खुशाली कळवत होता.

कदम सरांनी चष्मा काढला.

"म्हणजे अकरा दिवस तू लक्ष नक्की कुणावर ठेवत होतीस?"

"माझ्यावर, सर."

"आणि मग? काय दिसलं?"

"तब्येत उत्तम होती, सर."